रेंडरला किती वेळ? जुन्या-नव्या लॅपटॉपच्या वेगाचा आढावा

कल्याणजवळच्या मोहने, आंबिवली, अटाळी, वडवली, टिटवाळा या पट्ट्यात लग्नसराई उतरणीला लागली की शूटिंगवाल्यांचं दुसरं काम सुरू होतं. हळद, लग्न आणि वरातीचं चित्रण दोन-तीन रात्रींत उरकतं. मिक्सिंग, म्हणजे संपादन, मात्र आठवडेच्या आठवडे पुरतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की उत्तर ठरलेलं असतं : "रेंडरला टाकलंय." इथला मोठा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हापासून मोहन्याला मोठ्या धंद्याचा आधार उरलेला नाही. इथला स्टुडिओ म्हणजे बहुतेक ठिकाणी एक खोली, एक-दोन कॅमेरे आणि एक लॅपटॉप. अशा माणसाने कर्ज काढून नवा लॅपटॉप घ्यायचा, की कंपन्यांच्या वापरातून सुटलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत आणायचा? हा हिशोब चुकला तर त्याचा एक अख्खा सीझन वाया जातो.

दुकानदाराकडे सोपं उत्तर आहे : नवा तो वेगवान. गेल्या वीस वर्षांत प्रोसेसर कसे बदलले आणि रेंडरमधलं एन्कोडिंगचं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याचं, काम कसं बदललं हे शेजारी ठेवून पाहिलं तर हे उत्तर अर्धंच खरं ठरतं. व्हिडिओ एन्कोडिंगचा वेग लॅपटॉपच्या वयावरून ठरत नाही. तो तीन गोष्टींवरून ठरतो : चिपमध्ये या कामासाठी वेगळं सर्किट आहे का, कोअर किती आहेत आणि ते तासन् तास किती वॉटवर टिकतात, आणि आपण कोणत्या प्रतीचं काम मागतो आहोत. वय या तिघांचा अंदाज देतं, तोही पुष्कळदा फसवा.

कामाचं ओझं

आधी ओझं मोजू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे सेकंदाला २५ चित्रं धरली आणि काहीही न दाबता तो व्हिडिओ साठवला, तर सेकंदाला जवळपास ७८ एमबी आणि तासाला सुमारे २८० जीबी जागा लागेल. तोच तास सेकंदाला आठ मेगाबिटच्या बिटरेटने दाबला की ३.६ जीबीत बसतो. पाऊणशे पटींहून जास्त घट करायची आणि पाहणाऱ्याला ती कळूही द्यायची नाही, याला एन्कोडिंग म्हणायचं.

ही घट होते ती प्रत्येक चित्राची मागच्यापुढच्या चित्रांशी तुलना करून. एच.२६४ पद्धतीत चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. फुल एचडीत असे ८,१६० चौकोन होतात. प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता हे शोधायचं, सापडला तर फक्त सरकल्याची नोंद करायची, उरलेला फरक तेवढा लिहायचा. बहुतेक वेळ या शोधात जातो. म्हणून एकाच लॅपटॉपवर एकाच लांबीचे दोन व्हिडिओ सारखा वेळ घेत नाहीत. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाची मुलाखत झपाट्याने निघते. आगरी हळदीत डीजेचे दिवे सतत रंग बदलतात, धूर आणि उडणारे कागदाचे तुकडे असतात, आणि शे-दीडशे माणसं एकदम नाचत असतात. अशा चित्रात आधीच्या चौकोनासारखा चौकोन सापडतच नाही. एन्कोडर अडखळतो आणि फाइलही फुगते. परदेशी परीक्षणांतले आकडे इथे जसेच्या तसे लागू न पडण्याचं हे पहिलं कारण.

व्हीसीडीपासून ४केपर्यंत

लग्नाच्या कॅसेटी जाऊन व्हीसीडी आली तेव्हा चित्र होतं ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, बिटरेट सव्वा मेगाबिटच्याही खाली, आणि एका तबकडीत जेमतेम सव्वा तास. म्हणून लग्नाचा अल्बम तीन-तीन तबकड्यांचा असे. पुढे डीव्हीडीबरोबर ७२० गुणिले ५७६ आलं, मग फुल एचडी, आता ४के. व्हीसीडीच्या चित्रापेक्षा ४के चित्रात ८० पटींहून जास्त ठिपके आहेत. यंत्रं वेगवान झाली तरी गिऱ्हाइकाचं थांबणं तेवढंच का राहिलं, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. मिळालेला वेग आपण मोठ्या चित्रावर खर्च करत आलो.

ठिपक्यांबरोबर पद्धतीही जड होत गेल्या. एच.२६४ हे मानक २००३ मध्ये आलं. २०१३ मध्ये आलेल्या एच.२६५ ने तेवढीच प्रत निम्म्या बिटरेटमध्ये देण्याचं उद्दिष्ट ठेवलं, पण त्यासाठी ६४ गुणिले ६४ पर्यंतचे चौकोन आणि ते फोडण्याचे कितीतरी जास्त पर्याय तपासावे लागतात. २०१८ मध्ये एव्ही१ आलं. ते आणखी काटकसरी आणि आणखी वेळखाऊ. म्हणजे जुना लॅपटॉप जुन्या कामाला आजही तेवढाच वेगवान आहे, पण त्याच्यापुढे आज पडणारं काम त्याच्या काळातलं नाही.

त्या काळातली एक गोष्ट मात्र आजच्या तुलनेला उपयोगी आहे. २००० च्या आसपास मिक्सिंग करणारे लोक संगणकात कॅनोपसचं डीव्हीस्टॉर्म किंवा मॅट्रॉक्स, पिनॅकल यांची कार्डं बसवत. प्रोसेसरला न झेपणारं काम ही कार्डं वेगळ्या चिपवर उचलत. वेळेची लढाई तेव्हाही खास सर्किटाने जिंकली होती. फरक इतकाच, की तेव्हा ते सर्किट वेगळं विकत घ्यावं लागे.

कोअर वाढले, पण सगळीकडे नाही

२००५ च्या सुमारास प्रोसेसरचा गिगाहर्ट्झ वाढवत नेण्याचा मार्ग उष्णतेमुळे खुंटला. मग एका चिपवर अनेक कोअर बसवण्याचं युग आलं. लॅपटॉपमध्ये २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला, दोन कोअरचा. त्यानंतर मोठाल्या गेमिंग लॅपटॉपांत चार कोअर मिळू लागले, पण साध्या, पातळ, १५ वॉटच्या लॅपटॉपांत दोन कोअरचं राज्य २०१७ पर्यंत टिकलं. त्या वर्षी इंटेलने आठव्या पिढीत त्याच १५ वॉटमध्ये चार कोअर दिले. २०२० मध्ये एएमडीच्या रायझन ४००० मालिकेने तिथे आठ कोअर आणले. २०२२ पासून इंटेलच्या बाराव्या पिढीत मोठे आणि छोटे कोअर एकत्र आले. आय५-१२४०पी या चिपमध्ये चार मोठे आणि आठ छोटे, असे १२ कोअर आहेत.

एक्स२६४ आणि एक्स२६५ या फुकट मिळणाऱ्या आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरना जास्त कोअर चांगले पचतात, कारण चित्रं वाटून घेता येतात. फुल एचडीसाठी चार-आठ कोअरपर्यंत वेग बऱ्यापैकी प्रमाणात वाढतो. पुढे वाढ मंदावते. ४केमध्ये वाटून घ्यायला काम जास्त असल्याने ती आणखी थोडी पुढे जाते. कोअरखेरीज २०१३ च्या हॅसवेल पिढीत आलेल्या एव्हीएक्स२ या आज्ञांमुळेही फरक पडला. एका आज्ञेत जास्त ठिपक्यांची तुलना होऊ लागली आणि त्याचा फायदा एक्स२६५ ला विशेष झाला.

विकत घेणारा फसतो तो इथेच. स्टिकरवर आय७ लिहिलेला २०१६ चा आय७-७५००यू दोन कोअरचा आहे, तर पुढच्याच वर्षीचा आय५-८२५०यू चार कोअरचा. म्हणजे वर्षभराने आलेला, नावाने धाकटा वाटणारा प्रोसेसर एन्कोडिंगमध्ये मोठ्या भावाला सहज मागे टाकतो. २०१३ चा आय७-४७००एमक्यू चार कोअरचा, ४७ वॉटचा आणि एव्हीएक्स२ असलेला आहे. २०१९ मध्ये आलेला सेलेरॉन एन४०२० दोन कोअरचा, ६ वॉटचा आणि एव्हीएक्स नसलेला. नवा दिसणारा हा स्वस्त लॅपटॉप प्रोसेसरच्या बळावरच्या एन्कोडिंगमध्ये आपल्याहून सहा वर्षं जुन्या यंत्राच्या जवळपासही फिरकत नाही. एएमडीची नावंही सरळ नाहीत. २०२२ मध्ये ७००० मालिकेच्या नावाने आलेल्या रायझन ५ ७५२०यू मध्ये चारच कोअर आहेत आणि त्यांची रचना २०१९ च्या झेन २ ची आहे. म्हणून बिलावर वर्ष पाहण्यापेक्षा चिपचा पूर्ण क्रमांक आणि शेवटचं अक्षर पाहावं. यू म्हणजे सहसा १५ वॉटच्या घरातला, एच किंवा एचक्यू म्हणजे ४५ वॉटच्या घरातला.

वेगळ्या सर्किटाची कमाल

कोअरची वाढ पायरीपायरीने झाली. वेगळ्या सर्किटाने मात्र एकदम उडी मारली. जानेवारी २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत क्विक सिंक आलं. ग्राफिक्सच्या शेजारी एन्कोडिंगसाठीच कोरलेलं हे सर्किट एच.२६४ फुल एचडी व्हिडिओ खऱ्या वेळेच्या कित्येक पट वेगाने काढू लागलं. एनव्हिडियाने २०१२ मध्ये केप्लर पिढीच्या ग्राफिक्स कार्डांतून एनव्हीएन्क हे तसंच सर्किट आणलं, एएमडीनेही त्याच सुमारास स्वतःचं सर्किट दिलं. एच.२६५ चं एन्कोडिंग इंटेलच्या चिपमध्ये २०१५ च्या स्कायलेकपासून आहे, दहा बिटचं त्याच्या पुढच्या केबी लेक पिढीपासून. ॲपलच्या नोव्हेंबर २०२० च्या एम१ मध्ये ही सोय अंगभूत आली. एव्ही१ एन्कोड करणारं सर्किट लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये २०२३ मध्ये आलं, एएमडीच्या रायझन ७०४० मालिकेत आणि वर्षाअखेरीस इंटेलच्या कोअर अल्ट्रामध्ये.

यावरून एक विचित्र निष्कर्ष निघतो. काम साधं एच.२६४ फुल एचडी असेल आणि सर्किट वापरायचं असेल, तर २०१५ चा आणि २०२३ चा लॅपटॉप यांच्यातलं अंतर लोकांना वाटतं त्याहून बरंच कमी आहे, कारण दोघांकडेही या कामाचं तयार यंत्र आहे. काम एच.२६५ ४के असेल तर तेच अंतर एकदम रुंदावतं. एव्ही१ असेल तर तुलनाच उरत नाही : एकाकडे सर्किट आहे, दुसऱ्याकडे नाही.

सर्किट असूनही ते वापरायला मिळेलच असं नाही. हँडब्रेक या लोकप्रिय फुकट सॉफ्टवेअरच्या हल्लीच्या आवृत्त्या स्कायलेकच्या आधीचं क्विक सिंक वापरत नाहीत. ॲडोबी प्रीमिअरमध्ये विंडोजवर एनव्हिडिया आणि एएमडीच्या सर्किटांनी एन्कोड करण्याची सोय २०२० च्या मे महिन्यात आली. त्याआधी महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपवरही शेवटची फाइल पुष्कळदा प्रोसेसरच एकटा ओढत असे. आजही एक्सपोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडिंगऐवजी सॉफ्टवेअर निवडलेलं राहून जातं आणि माणूस लॅपटॉपला शिव्या घालतो. नवा लॅपटॉप घेण्याआधी ती एक ओळ तपासायला काही खर्च येत नाही.

आणखी एक अडचण एन्कोडच्या आधीची आहे. दाबायच्या आधी कॅमेऱ्याची फाइल उलगडावी लागते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत दहा बिट ४:२:२ प्रकारचं, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारं, चित्रण सर्रास होतं. त्यातलं एच.२६५ इंटेलच्या चिपमधलं सर्किट दहाव्या पिढीतल्या आइस लेकपासून उलगडू शकतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ ची सोय २०२५ च्या ब्लॅकवेल पिढीत आली. जुन्या लॅपटॉपवर अशी फाइल टाइमलाइनवर टाकली की ती नीट चालत नाही, रेंडर तर पुढची गोष्ट. कॅमेरा नवा आणि लॅपटॉप जुना, ही जोडी म्हणूनच सर्वांत त्रासाची. कॅमेऱ्यात साधं आठ बिट निवडलं तर पुष्कळ वेळा लॅपटॉपचा खर्च पुढे ढकलता येतो.

प्रतीचा प्रश्न

इथे मतभेद आहेत. एक गट म्हणतो, सर्किट आहे तर सॉफ्टवेअर एन्कोडरची गरजच काय? दुसरा म्हणतो, सर्किटाचं चित्र हलकं. दोघांचंही काही अंशी खरं आहे. सर्किट शोध कमी घेतं, ठरलेल्याच वाटांनी जातं, म्हणून वेगवान असतं. त्यामुळे तेवढ्याच बिटरेटला एक्स२६४ च्या सावकाश चालीपेक्षा त्याचं चित्र थोडं कमी पडतं. सुरुवातीच्या पिढ्यांत हा फरक डोळ्यांना दिसायचा, विशेषतः अंधाऱ्या मांडवात आणि धुरात. एनव्हिडियाच्या २०१८ च्या ट्युरिंग पिढीनंतर तो पुष्कळ मिटला.

मात्र हा फरक बिटरेट वाढवून भरून काढता येतो. पेन ड्राइव्हवर द्यायच्या लग्नाला १२ ऐवजी १६ मेगाबिट दिले तर तीन तासांचा व्हिडिओ साडेएकवीस जीबीत बसतो आणि ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर जागा उरते. तिथे सर्किटच वापरावं. यूट्यूबवर चढवायचा असेल तरीही तेच, कारण यूट्यूब आलेला प्रत्येक व्हिडिओ स्वतः पुन्हा एन्कोड करतं. या कामाचा पसारा इतका वाढला की गूगलने त्यासाठी स्वतःच्या खास चिप बनवल्या आणि २०२१ मध्ये त्यांची माहिती जाहीर केली. जगातला सर्वांत मोठा व्हिडिओचा धंदासुद्धा शेवटी वेगळ्या सर्किटाकडेच वळला. सॉफ्टवेअरची सावकाश चाल शोभते ती जिथे एक फाइल एकदाच बनते आणि लाखो वेळा पाहिली जाते तिथे, किंवा कायम जपून ठेवायच्या प्रतीसाठी.

चालींचाही हिशोब पाहण्यासारखा आहे. एक्स२६४ मध्ये अल्ट्राफास्टपासून व्हेरीस्लोपर्यंत आणि त्याही पलीकडे प्लासेबोपर्यंत दहा प्रीसेट आहेत. एकाच लॅपटॉपवर अल्ट्राफास्ट आणि व्हेरीस्लो यांच्या वेगात दहा पटींहून जास्त अंतर पडतं. दहा वर्षांच्या प्रोसेसर-प्रगतीशी तोलता येईल एवढं हे अंतर आहे आणि ते एका टिचकीत मिळतं. व्हेरीस्लोवर अडकलेल्या माणसाने मिडियम किंवा फास्ट निवडून पाहिलं, तर पाहणाऱ्याला फरक कळणार नाही आणि रात्र वाचेल.

सॉफ्टवेअर सुधारल्यानेही जुन्या यंत्रांना बळ मिळालं आहे. एव्ही१ चा पहिला एन्कोडर इतका मंद होता की घरच्या कामाला त्याचा उपयोगच नव्हता. इंटेल आणि नेटफ्लिक्सने मिळून केलेल्या एसव्हीटी-एव्ही१ ने ते चित्र बदललं. एव्ही१ व्हिडिओ नुसता पाहायचा असेल तर डेव्हिड नावाच्या डीकोडरमुळे सर्किट नसलेल्या लॅपटॉपवरही तो चालतो. यंत्र तेच, पण त्याला कामाला लावणारा शहाणा झाला.

आकडे कोणाचे मानायचे

काही परीक्षणांत ब्लेंडर फाउंडेशनचा 'टिअर्स ऑफ स्टील' हा २०१२ चा बारा मिनिटांचा लघुपट ४केवरून फुल एचडीत हँडब्रेकने उतरवतात आणि लागलेली मिनिटं छापतात. प्रतीच्या बाजूने मॉस्को राज्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या एन्कोडर-तुलना वर्षानुवर्षं प्रसिद्ध होत आहेत. प्रत मोजायला नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीएमएएफ हे माप हल्ली रूढ आहे. प्रीमिअरसारख्या संपादनासाठी प्युगेट सिस्टिम्सच्या चाचण्या प्रसिद्ध आहेत.

हे सगळं उपयोगी आहे, पण वाचताना तीन प्रश्न विचारावेत. चाचणी प्रोसेसरवर झाली की सर्किटावर? सॉफ्टवेअरची आवृत्ती दोन्हीकडे एकच होती का? आणि चाचणी किती वेळ चालली? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. लॅपटॉप पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात ठरलेल्या वॉटच्या दुप्पट-तिप्पट वीज घेऊन जोरात पळतो. मग तापतो, आणि चिप स्वतःला आवरते. आय५-८२५०यू चा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे, जाहिरातीतला ३.४. लांब रेंडरमध्ये सगळे कोअर कामाला लागले की तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतो. कुठे, ते पंखा, जाळी आणि आतल्या थर्मल पेस्टवर अवलंबून. पाच मिनिटांच्या चाचणीत जिंकलेला पातळ लॅपटॉप तीन तासांच्या लग्नात जाड लॅपटॉपकडून हरतो तो असा.

त्यात हवा आपली. वातानुकूलित खोलीत २२ अंशांवर घेतलेली चाचणी आणि मोहन्यातल्या पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात ३६ अंशांवर चाललेलं रेंडर यांत १४ अंशांचा फरक आहे. खोली जेवढी तापते, साधारण तेवढीच चिपही आणखी तापते, आणि तिच्याकडे शंभर अंशांच्या अलीकडे फारशी जागा नसते. जुन्या लॅपटॉपमध्ये धूळ आणि सुकलेली पेस्ट यांची भर पडते. पुष्कळदा जुना लॅपटॉप मंद झाला असं वाटतं तेव्हा तो फक्त घुसमटलेला असतो. साफसफाई आणि नवी पेस्ट यांचा खर्च काही शेकड्यांचा असतो आणि गेलेला वेग बराचसा परत येतो.

विजेचाही प्रश्न आहे, बिलाचा मात्र नाही : ४५ वॉट सहा तास चालले तरी पाव युनिटच्या किंचित वर जातात. त्रास होतो वीज गेल्याने. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका सर्वसाधारणपणे शेवटी लिहिली जाते. महावितरणची वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, तर आठ तासांच्या रेंडरची ९५ टक्के झालेली फाइल उघडतच नाही. जुना लॅपटॉप वापरणाऱ्याने आधी बॅटरी बदलावी, मग रॅमचा विचार करावा. लांब काम तुकड्यांत काढून जोडणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. शीर्षकात नवरीच्या आत्याचं नाव चुकलं, तर तेवढाच तुकडा पुन्हा काढावा लागतो.

एसएसडीबद्दल एक गैरसमज आहे. आठ मेगाबिटची फाइल लिहायला सेकंदाला फक्त एक एमबी लागतो. एवढं काम जुनी हार्ड डिस्कही करते. एसएसडीने लॅपटॉप उघडतो चटकन, टाइमलाइन पळते, पण एन्कोडिंगचा वेळ तिने क्वचितच कमी होतो.

जुन्याची स्वतःची जागा

जुना लॅपटॉप काही कामांत नव्याच्या पुढेही आहे. मिनीडीव्ही कॅसेटमधलं लग्न संगणकात आणायला फायरवायर लागतं. ते २००५ ते २०१२ च्या कित्येक लॅपटॉपांवर होतं, आजच्या लॅपटॉपांवर नसतं. दमट हवेत कॅसेटींना बुरशी लागते, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. आणि तिथे वेगाला अर्थच नाही : कॅसेट तिच्याच गतीने फिरते, तासाची कॅसेट तासानेच उतरते. असा एखादा लॅपटॉप कपाटात असेल तर तो भंगारात घालू नये.

दुसरी जागा, गिऱ्हाइकाच्या टीव्हीची. लोकांच्या घरचे कित्येक टीव्ही अजून एच.२६५ वाचत नाहीत, एव्ही१ तर सोडाच. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. म्हणजे शेवटी द्यायची वस्तू पुष्कळदा आठ मेगाबिटचे, तासातासाचे एच.२६४ तुकडे एवढीच असते. एव्ही१ च्या सर्किटासाठी जादा मोजलेले पैसे या कामात परत येत नाहीत.

उलट बाजूही आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे वापरलेला लॅपटॉप घेतानाही आठवी पिढी ही खालची मर्यादा धरावी. योगायोगाने साध्या, पातळ लॅपटॉपांत चार कोअरची सुरुवात तिथूनच होते, आणि क्विक सिंकमध्ये दहा बिट एच.२६५ तोवर आलेलं असतं. कमी पैशांत एन्कोडिंगला पुरेसा लॅपटॉप कोणता, याचं सध्याचं उत्तर हेच.

वेगाचं पैशात रूपांतर

आता शेवटचा हिशोब. तीन तासांच्या लग्नात २५ च्या गतीने २ लाख ७० हजार चित्रं असतात. लॅपटॉपने सेकंदाला ८ चित्रं काढली तर सव्वानऊ तासांहून थोडं जास्त, २५ काढली तर तीन तास, १०० काढली तर पाऊण तास, २०० काढली तर साडेबावीस मिनिटं. आठवरून पंचवीसवर गेल्याने सहा तासांहून अधिक वाचले. शंभरावरून दोनशेवर गेल्याने अर्धा ताससुद्धा वाचला नाही, आणि किंमत मात्र त्याच टप्प्यात सर्वांत वेगाने चढते. पहिली उडी घेण्यासारखी आहे. शेवटच्या उडीचं मोल जाहिरातवाले सांगतात तेवढं नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाचलेला वेळ कोणाचा? रात्री अकराला लावलेलं रेंडर पहाटे दोनला संपलं काय आणि सकाळी आठला संपलं काय, झोपलेल्या माणसाला दोन्ही सारखंच. ज्याचं काम महिन्याला दोन-तीन लग्नं आणि एखादं बारसं एवढं आहे, त्याने आठव्या पिढीचा नीट साफ केलेला लॅपटॉप, जिवंत बॅटरी आणि हार्डवेअर एन्कोडिंग एवढ्यावर खुशाल भागवावं. उरलेले पैसे लेन्स किंवा माइकवर घातले तर गिऱ्हाइकाला तो फरक दिसतो, ऐकू येतो. ज्याला सकाळच्या लग्नाचा हायलाइट संध्याकाळच्या रिसेप्शनला पडद्यावर दाखवायचा आहे, ज्याचं चित्रण दहा बिट ४:२:२ मध्ये होतं, किंवा ज्याच्याकडे सीझनमध्ये रात्रीही रांग लागलेली असते, त्याला मात्र नव्या लॅपटॉपचे पैसे वसूल होतात. त्याने पातळपणावर न भाळता पंखा दमदार असलेला घ्यावा.

कल्याण-डोंबिवलीतल्या व्हिडिओवाल्यांनी एक गोष्ट मिळून केली तर विकत घेणाऱ्याचं दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहणं संपेल. हळदीच्या नाचाची दहा मिनिटांची एकच क्लिप, एकच हँडब्रेक आवृत्ती, एकच बिटरेट. एकदा प्रोसेसरवर, एकदा सर्किटावर, आणि ओळीने तासभर चालवून अखेरच्या फेरीचा वेग लिहायचा. लॅपटॉपचा पूर्ण क्रमांक आणि खोलीचं तापमान शेजारी. अशी पन्नास यंत्रांची यादी झाली, तर ती कोणत्याही परदेशी परीक्षणापेक्षा मोहन्यातल्या माणसाच्या जास्त कामाची ठरेल, कारण तिच्यात नाच इथला असेल आणि उकाडाही इथला.